धाब्याच्या घरात मुनीमाचं भूत: ४ लाखांत हॉरर-कॉमेडी बसेल का?

पांझराकाठ (प्रश्न)

राम राम मंडळी. दीड तासाची हॉरर-कॉमेडी करायचीय, निम्मी अहिराणीत, निम्मी मराठीत. गोष्ट थोडक्यात अशी: कापसाच्या जिनिंगमधल्या एका जुन्या मुनीमाचा हिशोब अर्धवट राहिलेला. त्याचं भूत चोपडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या सत्तरीतल्या आईला धरतं. म्हातारी रात्री उठून वजनकाट्याचे आकडे बोलते, आल्या-गेल्या पाहुण्याकडून व्याज मागते. भूत उतरवायला भगत येतो, तर तोच मुनीमाचा देणेकरी निघतो. हिशोब चुकता झाला की भूत जातं.

हाताशी काय आहे: एकूण ४ लाख, ९ रात्री, जुनं धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर, घरामागे केळीची बाग, एक मिररलेस कॅमेरा, १०० वॅटचे ३ एलईडी लाइट, एक बूम माइक आणि रेकॉर्डर.

अडलेल्या गोष्टी: रक्त आणि ओकारी घरच्या घरी कशी करायची? म्हातारी अधांतरी कशी उचलायची (कॉम्प्युटरवाला माणूस परवडत नाही)? रात्रीचा आवाज स्वच्छ कसा मिळेल? भगताच्या सीनला कायद्याचा काही त्रास आहे का? आणि शूटिंग डिसेंबरात की मे महिन्यात? मे मध्ये कलाकार मोकळे आहेत.

---

रंगपेटी

भाऊ, तारखेपासून सुरुवात करा. मे सोडा. मे मध्ये जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास जातो, धाब्याच्या घराच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत गरम असतात. चेहऱ्यावरच्या जखमा, सुरकुत्या स्वस्तात करायच्या तर जिलेटिन लागतं (जिलेटिन, ग्लिसरीन, पाणी समप्रमाणात, डबल बॉयलरवर वितळवून). ते साधारण ३५ अंशांना मऊ पडायला लागतं, म्हणजे मे मध्ये संवाद संपायच्या आत जखम हनुवटीवर येणार. मे शिवाय गत्यंतर नसेल तर लिक्विड लेटेक्स आणि टिश्यू पेपरचे थर. लेटेक्स आधी मनगटाच्या आत लावून २४ तास पाहा, खाज आली तर त्या कलाकाराला नको. भुवयांना आधी व्हॅसलीन लावा, नाहीतर त्या सोलून निघतील. फेविकॉल तोंडाला कुणालाच नको.

रक्त, साधारण पाऊण लिटर: केकचं सामान मिळतं तिथून लिक्विड ग्लुकोज ७०० ग्रॅम, कोमट पाणी २५० मिली, खायचा लाल रंग ५ ग्रॅमपासून पुढे, कोको पावडर २ चमचे. एलईडीखाली हे गुलाबी दिसलं तर आणखी लाल ओतत बसू नका. निळ्या रंगाचा एक थेंब आणि थोडा कोको, एवढ्यानं ते खाली बसतं. तोंडात जाणारं रक्त एवढंच ठेवा. कपड्यावरच्या रक्तात एक चमचा भांड्याचा लिक्विड साबण टाका, म्हणजे धुताना निघतं. साखरेचं रक्त अर्ध्या तासात मुंग्या बोलावतं, म्हणून जमिनीवरच्या थारोळ्यासाठी वेगळं करा: १ लिटर पाण्याला ६-७ ग्रॅम गवार गम. गम आधी चमचाभर ग्लिसरीनमध्ये कालवून मग पाण्यात सोडा, थेट टाकला की गुठळ्या होतात आणि त्या फुटत नाहीत. हे दुसऱ्या दिवशी आंबतं, रोज ताजं करा. चुन्याच्या भिंतीवर उडालेला लाल रंग पुसून जात नाही. घरमालकाला आधीच सांगून ठेवा की शेवटी एक हात चुना तुमच्याकडून.

पण मला विचाराल तर रक्त जवळजवळ नकोच. भूत मुनीमाचं आहे ना? मग तो शाई ओकेल. निळा रंग, थोडा कोको, ग्लुकोज. भीती तीच, वर हसू फुकट. निळ्या रंगानं दात-जीभ दिवसभर रंगलेली राहते, म्हणून हा सीन त्या कलाकाराचा रात्रीतला शेवटचा. त्यांना कवळी असेल तर ती काढून ठेवा, रंग तिला धरतो.

ओकारीची यंत्रणा: ८ मिमीची पारदर्शक पीव्हीसी नळी, ६० मिलीची जाड तोंडाची सिरिंज, कातडीच्या रंगाचा मेडिकल टेप. कॅमेऱ्याकडे नसलेल्या गालावरून नळी ओठाच्या कोपऱ्यापर्यंत आणा, टोक तोंडात अर्धा सेंटिमीटरच आणि बाहेरच्या दिशेला वळवलेलं. घशाकडे धार कधीही सोडू नका. बाई चेहरा पाऊणच वळवणार, सिरिंजवाला खाटेमागे. २ सिरिंज भरून ठेवा, कारण ६० मिली दीड सेकंदात संपतं आणि पडद्यावर ते फारच कंजूस दिसतं.

आता अधांतरी म्हातारी. पहिली सूचना: धाब्याच्या सरेला (छताखालच्या तुळईला) माणूस टांगू नका. वर मातीचं ओझं आधीच आहे, आतून लाकूड किती खाल्लेलं आहे ते बाहेरून कळत नाही. हार्नेस-दोरी प्रकरण तिथेच बाद.

झोपलेली बाई तरंगवण्यापेक्षा मांडी घालून वही वाचत बसलेली बाई बसल्या जागी वर जाऊ दे. तिला ढेकळीच्या (सी-सॉसारख्या) फळीवर बसवा. सेंट्रिंगवाल्याकडून ९ फुटी, दीड इंच जाडीच्या, गाठ नसलेल्या दोन फळ्या आणा आणि एकावर एक बोल्टनं आवळा. टेकू म्हणून २ इंची जीआय पाइप, दोन भक्कम घोड्यांवर (चौपायी स्टँडवर). टेकूपासून बाईची बाजू ३ फूट, मागची ६ फूट. बाई ५५ किलोची असेल तर मागे २७-२८ किलोवर तोल जमतो, म्हणजे एक माणूस आरामात दाबतो. मागची बाजू पडद्याच्या फटीतून आतल्या खोलीत. लुगडं पुढे पसरलं की फळी झाकते. १५ अंश खाली ते १५ अंश वर एवढाच झोल घ्या, दीड फूट उचल मिळते. त्याहून जास्त घेतली की बाई मागे कलते आणि खाली फळी आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं. आधी ८० किलो वाळूची पोती चढवून दहा वेळा वर-खाली करून बघा, मगच माणूस. एक जण फ्रेमच्या बाहेर, हात लावायच्या अंतरावर, कायम.

पूर्ण उंच तरंगणारा एकच शॉट हवा असेल तर तो फुकटच्या दाविंची रिझॉल्व्हमध्ये कुणीही करेल: ट्रायपॉड पक्का, फोकस-एक्स्पोजर-व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल, आधी रिकाम्या खोलीचे ३० सेकंद, मग स्टुलावर बाई, मग मास्क मारून (स्टुलाच्या जागी रिकाम्या खोलीचं चित्र दाखवून) स्टूल पुसायचं. दोन कारणांनी फसतं. एक, स्टुलाची सावली पुसायची राहते. दोन, दोन्ही शॉटच्या मध्ये कुणीतरी चहाचा कप हलवतं. मधलं अंतर ५ मिनिटांच्या आत ठेवा आणि तोवर खोलीत शिरायला सगळ्यांना बंदी.

दार आपटायला, वही सरकवायला ०.४ मिमीची तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी). लाइटमध्ये चमकते, काळ्या मार्करनं पुसून घ्या.

---

रातकिडा

रंगपेटीनं डिसेंबर सांगितलं, त्याला माझीही सही. उन्हाळ्यात लग्नसराई असते, गावात रोज वरात. लाउडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद असायला हवेत हे कागदावर ठीक आहे, तुमचे ते तीन-चार तास जातातच. डिसेंबरात हरिनाम सप्ताह असतात, पण त्यांच्या तारखा गावात आधी कळतात.

डिसेंबरातली एक गोष्ट मात्र तिखट शब्दांत सांगतो. तेव्हा शेतकऱ्याच्या घरात कापूस भरलेला असतो. ज्या घरात कापूस आहे तिथे दिवा, धुनी, कापूर, मशाल काहीही पेटवायचं नाही. भगताची धुनी अंगणात, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, शेजारी दोन बादल्या पाणी आणि एक वाळूची. घरातला धूर फॉग मशीनचा घ्या, ९०० वॅटची भाड्यानं मिळते, आणि तिच्यात तिचंच द्रव ओता. डिझेल किंवा डास मारायच्या धुराचं औषध बंद खोलीत सोडणं म्हणजे कलाकार दवाखान्यात.

त्याच कापसाचा फायदाही आहे. कापसानं भरलेली खोली म्हणजे फुकटचा डबिंग स्टुडिओ, आवाज घुमतच नाही. मुनीमाचा आवाज तिथेच रेकॉर्ड करा. म्हातारीचा मूळ संवाद, त्यावर तोच ४ सेमीटोन खाली उतरवून, आणि तिसरा थर पुरुष कलाकाराची नुसती कुजबुज. मूळ आवाज सगळ्यात मोठा ठेवा. खाली उतरवलेला वर आला की शब्द कळत नाहीत, आणि विनोदी संवाद कळला नाही तर उरलं काय?

वीज: जनरेटर आणूच नका. तुमचे ३ लाइट मिळून ३०० वॅट. १५० एएचच्या बॅटरीवरचा इन्व्हर्टर ३ तास सहज चालवतो, दोन बॅटऱ्यांत रात्र निघते. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच हवा, स्क्वेअर वेव्हवर एलईडीचे अडॅप्टर गुणगुणतात आणि ती घरघर थेट माइकमध्ये उतरते. शेतीपंपाला रात्रपाळीची लाइन कोणत्या वारी आहे ते लाइनमनला विचारून घ्या, त्या रात्री विहिरीजवळचे सीन नकोत.

कॅमेरा २५ फ्रेम, शटर १/५० वर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ३० फ्रेम आणि १/६० वर घरातली ट्यूबलाइट पट्टे मारते. ट्यूब भुतामुळे लुकलुकायची असेल तर ती हातानं लुकलुकवा.

बूम तोंडापासून दीड-दोन फुटांवर. प्रत्येक जागी कुणी न बोलता, न हलता एक मिनिटाची नुसती शांतता रेकॉर्ड करा. खेड्यातल्या रात्रीत किड्यांची किरकिर असतेच, शॉट बदलला की ती मध्येच तुटते आणि सीन चिकटवलेला दिसतो. ती मिनिटभराची पट्टी सगळ्या सीनखाली अंथरली की सांधे झाकले जातात. दचकवायच्या जागी आधी ही पट्टीसुद्धा सेकंद-दीड सेकंद पूर्ण बंद करा. किडे गप्प झाले की माणसाच्या पाठीत आपोआप काटा येतो, ढोल बडवावा लागत नाही.

केळीची बाग: लाइट पात्रांच्या मागे, १२ फूट उंच, ५६०० केल्विन, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ४००० वर. पानं कडेनं उजळतात, चांदणं तयार. समोरून लाइट मारलात तर हिरवी भिंत दिसेल, बाकी काही नाही. पायाखाली ठिबकच्या १६ मिमी नळ्या असतात, पळापळीचा सीन ओळींच्या मधून आखा, नाहीतर सकाळी बागवानाचं बोलणं खावं लागेल. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग कायमचा, म्हणून बागेतले सीन वेळापत्रकात शेवटी टाका आणि म्हातारीची एकसारखी ३ लुगडी घ्या. पहाटे दव पडतं. थंड कॅमेरा उबदार खोलीत आणला की लेन्स धुकटते, पिशवीत बंद ठेवून अर्धा तास थांबा.

---

सातपुड्याची वाट

कायद्याचं मी लिहितो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा (ऑगस्टमध्ये डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर अध्यादेश निघाला, डिसेंबरात विधिमंडळानं मंजूर केला) अघोरी प्रकार करणाऱ्याला आणि त्यांचा प्रचार-प्रसार करणाऱ्याला पकडतो. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ हजार ते ५० हजार. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच नोंद तुमच्या विषयाची आहे: भूत उतरवण्याच्या बहाण्यानं दोरानं-साखळीनं बांधणं, काठी-चाबकानं मारणं, पादत्राण भिजवलेलं पाणी पाजणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं, चटके देणं.

कथेत ढोंगी भगत दाखवून त्याची फजिती करणं वेगळं आणि त्याच्या उपायानं म्हातारी बरी झाली असं दाखवणं वेगळं. तुमच्या गोष्टीत मुनीम जातो तो हिशोब चुकता झाल्यावर, मंत्रानं नाही. हे शेवटपर्यंत सोडू नका. खरा भगत सल्लागार म्हणून आणून सेटवर खरा विधी करवून घेऊ नका. मिरचीची धुरी कॅमेऱ्यासाठीसुद्धा खरी नको, बंद खोलीत ती सगळ्यांनाच भारी पडते. धूप दाखवा, ठसका कलाकार देतील.

भगताच्या हातचलाखीबद्दल: लिंबू कापल्यावर लाल निघायला देठाकडून सिरिंजनं ३-४ मिली खायचा रंग भरा, शॉटच्या दहा मिनिटं आधी. हळद-चुन्याचा लाल रंग लिंबात चालत नाही, आंबटपणानं तो परत पिवळा पडतो. तो तळहातावर किंवा पाटावर वापरा: आधी हळदीचं पाणी वाळवून घ्या, मग चुन्याची निवळी शिंपडा. पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीनची ‘आपोआप आग’ कुणी सुचवेल. ती कधी भडकेल याचा नेम नसतो, कापसाच्या घराजवळ तर नावही काढू नका.

काळी कोंबडी, बोकड, मांजर: जिवंत जनावर पडद्यावर आलं की ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची आधी परवानगी लागते, सेन्सॉरला तो कागद मागतात. टोपलीखाली आवाज दाखवा, टोपली तंगूसनं हलवा, काम झालं. भगत बिडी ओढणार असेल तर थिएटरसाठी तंबाखूविरोधी सूचना आणि पडद्यावरची ओळ आलीच. बिडी काढा, चुना मळत बसूनही चालणार नाही, तंबाखू तोच. शेंगदाणे द्या हातात.

थिएटरला लावायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र हवं. आता युए (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायचा) या प्रमाणपत्राचे ७+, १३+, १६+ असे तीन टप्पे आहेत. शाईवाली ओकारी तुम्हाला खालच्या टप्प्यात राहायला मदतच करेल. यूट्यूबला हे प्रमाणपत्र लागत नाही. ग्रामपंचायतीचं पत्र घ्या आणि पोलीस ठाण्याला नऊही रात्रींच्या तारखा लेखी कळवा, नाहीतर पहिल्या किंकाळीला कुणीतरी ११२ फिरवणार. सीन यावल अभयारण्यात न्यायचा विचार असेल तर वन विभागाची परवानगी वेगळी, आणि रात्रीची मिळेल हे धरून चालू नका.

दोन गोष्टींवर विनोद नको. एक, ‘डाकीण’ हा शब्द. अक्कलकुवा-धडगाव भागात या नावाखाली खऱ्या बायकांना मारहाण झालीय, गावाबाहेर काढलंय. तुमची म्हातारी बाधलेली आहे, ती कुणाला बाधा करत नाही, हा फरक संवादात राखा. दुसरं, कानबाई किंवा कुठल्याही देवीचं अंगात येणं मुनीमाच्या भुताशी मिसळू नका. कानबाई घराघरांत बसते, लोक दुखावतील आणि बरोबरच दुखावतील. झटके, तोंडाला फेस हेही टाळा, ते मिरगीसारखं दिसतं.

---

पांझराकाठ

दादांनो, वहीत उतरवून घेतलं सगळं. शाईची कल्पना नक्की. पण बायकोनं सुचवलेला एक सीन सोडवत नाही: पंगतीत म्हातारी आधी भरीत ओकते, मग शाई. भरीत नळीतून जाईल का? आणि विनोद अहिराणीत जास्त ठेवू की मराठीत? पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला कळायला हवं.

---

खतावणी

ताई-दादा, तंत्र सगळं आलं, आता बोलण्याचं बघू. भाषा निम्मी-निम्मी वाटू नका, पात्रांना वाटा. घर अहिराणीत बोलेल, मुनीम पुस्तकी मराठीत. म्हणजे झपाटलेली म्हातारी ओळखू यायला लाल डोळेच लागणार नाहीत, तिनं शुद्ध बोलायला सुरुवात केली की झालं. मुलगा विचारेल, ‘कोन शे रे तू? कथाईन उना?’ आणि आई थंडपणे म्हणेल, ‘मागील बाकी पुढे ओढली आहे. आपली स्वाक्षरी करावी.’ इथे अहिराणी न येणाऱ्यालाही प्रसंग कळतो, सबटायटल बघावं लागत नाही.

मुनीमाचे शब्द बरोबर वापरा: रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही), खतावणी (खातेवही), जमा, नावे, तेरीज (खात्यांच्या बाकींचा ताळा). मुलगा क्विंटलमध्ये बोलतो, भूत खंडीत. रुईच्या (सरकी काढलेल्या कापसाच्या) व्यापारात खंडी म्हणजे साधारण ३५६ किलो. भुताला पटवायला घरच्यांना आधी हे गणित मांडावं लागतं, त्यात मोबाइलचा कॅल्क्युलेटर भूतच बंद पाडतं. असा एक सीन अख्खा मधला भाग ओढून नेईल.

भुताला नियम तीनच द्या आणि पहिल्या वीस मिनिटांत दाखवून टाका. उदाहरणार्थ: वही उघडली की येतो, चुकीचा आकडा ऐकला की चिडतो, पावती मिळाली की गप्प बसतो. चौथा नियम अडचणीतून सुटायला शेवटी आणलात की प्रेक्षक फसवल्यासारखा उठतो. म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंना सांगा, हसवायचा प्रयत्न अजिबात नको, वसुलीला बसलेल्या माणसाचं गांभीर्य हवं. वेडीवाकडी तोंडं भगतानं करावीत, ती त्याची गरज आहे. कॅमेराही भुताच्या वेळी स्थिर, हलता कॅमेरा भगताच्या वाट्याला.

बाहेरून मागवलेल्या पांढऱ्या लेन्स डोळ्यांत घालणार असाल तर नका घालू. सत्तरीतल्या डोळ्यांत, धुळीत, डॉक्टरनं मापं न घेता घातलेली लेन्स महागात जाते. चष्मा द्या तिला, मुनीमाचा, एक दांडी सुतानं बांधलेला. काचेवर बाजूनं एक छोटा लाइट मारला की डोळे दिसतच नाहीत, दोन पांढऱ्या चकत्या दिसतात.

पैशाबद्दल एवढंच की जेवण, गाडी आणि आवाजाचं काम यांत हात आखडू नका. पहिल्या दोन रात्री फक्त घरातले साधे संवाद ठेवा, युनिटला अंधारात वावरायची सवय होते. फळीचा सीन चौथ्या-पाचव्या रात्री, नवव्या रात्री तर मुळीच नाही, कारण तो राहिला तर परत घ्यायला रात्र उरत नाही.

---

रंगपेटी

भरीत जातं, पण जसंच्या तसं नाही. बियांनी सिरिंजचं तोंड बुजतं आणि दाबलं की नळी सटकून उलट दिशेला फवारा बसतो. आपली हिरवी वांगी भाजून, साल काढून, मिक्सरमधून फिरवा आणि मलमलच्या कापडातून गाळा. २५० ग्रॅम गराला साधारण १५० मिली पाणी, पळीवाढं व्हायला हवं. मिरची, लसूण, तेल काहीच नको. तिखट ओठाला लागलं तर बाई दुसरा टेक देणार नाहीत. रंग फिका वाटला तर पालकाचा रस, हिरवा रंग नको, पुढच्या शाईत मिसळून तो चिखल दिसतो.

भरिताची आणि शाईची नळी वेगळी. दोन्ही एकाच गालावर शेजारी-शेजारी चिकटवा आणि सिरिंजवर मार्करनं १ आणि २ लिहा, अंधारात घोळ होतो. टेक झाला की लगेच गरम पाणी मारून नळी धुवा, वाळलेला गर मग निघत नाही. युनिटला खायचं भरीत वेगळ्या भांड्यात, झणझणीत, आणि ते भांडं कॅमेऱ्यापासून लांब ठेवा.